एका रांगेत एकच आवाज

६ जानेवारी २००८, रविवार

आले एकदाची धायरीला. सदाशिव पेठेतून टेम्पो निघाला तेव्हा समोरच्या गोगट्यांनी गॅलरीतून विचारलं, कायमच्या निघालात का, म्हणजे जिना धुवून घेता येईल. मी म्हटलं, घ्या की, मी होते तेव्हा तुम्हाला ते कधी सुचलं नाही. पेठेतला निरोप असाच असायचा. त्यातही डोळ्यांत पाणी आलं, हे मात्र त्यांना दिसू दिलं नाही.

राजस आणि सुरुचीचं घर चौथ्या मजल्यावर आहे. मागे टेकडी, पुढे टँकरची रांग. आणि मला स्वतंत्र खोली. साठीला टेकल्यावर पहिल्यांदा माझी अशी खोली, तिला आतून कडी. सुरुचीने खिडकीला पिवळे पडदे लावून ठेवले होते. माझा मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला एकाच कंपनीत आहेत. सकाळी कंपनीची बस घेऊन जाते, ती दिवेलागणीला परत आणून सोडते.

ट्रंकेतून आधी शाळेचा फोटो काढून भिंतीवर लावला. कॅम्पातलं कॉन्व्हेंट, आम्ही मुली चार ओळींत, मधे सिस्टर अ‍ॅग्नेस. त्या मला नेहमी खालचा सूर द्यायच्या. म्हणायच्या, वरचा सूर सगळ्यांना ऐकू येतो, खालचा मात्र थांबल्याशिवाय कुणाला कळत नाही. फोटोतली श्यामला अजून कॅम्पातच राहते. तिथल्या एका हॉलमध्ये बायकांना जमवून ती गाणं बसवते. बुधवारी ये म्हणाली. जाणार आहे. ह्यांचं वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात उरकलं, आता विचारणारं कुणी नाही.

९ जानेवारी, बुधवार

दोन बस बदलून कॅम्पात गेले आणि गायले. आवाज गंजलाय, पण एक गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत म्हटलं, मधे कुणी हाक मारली नाही. परत येताना बसमध्ये मी इतकी हसत होते की कंडक्टरने मला कुठे उतरायचं ते दोनदा विचारलं.

घरी आणखी एक बातमी. सुरुचीला कंपनी सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवतेय, पुढच्याच महिन्यात. राजसने पेढे आणले होते. तिच्या पासपोर्टाला हळदीकुंकू लावून आम्ही तो देवापुढे ठेवला. माझ्या वेळी बायकोचं पोस्टातलं पासबुकही नवऱ्याच्या कपाटात असायचं.

जेवण झाल्यावर राजसने मला त्याचा छंद दाखवला. हातात मावणारा गेम आहे, दोन पडद्यांचा, चष्म्याच्या घरासारखा मिटतो. पण हा त्यावर खेळत नाही, गाणी करतो. कुणा परदेशी मुलाने हौसेने, कंपनीला न विचारता, घरबसल्या लिहिलेलं सॉफ्टवेअर त्यात घातलंय. पडद्यावर चार उभ्या रांगा. त्यांत आकडे वरून खाली सरकत जातात, थेट विणकामाच्या नमुन्यासारखे. ज्या घरात आकडा, तिथे सूर. चारच रांगा वापरायच्या, हा ह्याच्या मित्रमंडळींचा नेम. फेब्रुवारीअखेर शनिवार पेठेत एक छोटा हॉल घेऊन सगळे आपापले गेम वाजवणार आहेत.

मी विचारलं, एका रांगेत दोन सूर आले तर? तो म्हणाला, येऊच शकत नाहीत आई. एका रांगेत एका वेळी एकच आवाज. दुसरा आला की पहिला तिथल्या तिथे तुटतो.

हे मला गेम न घेताही ठाऊक होतं. मी दुसरा पेढा उचलला.

१३ जानेवारी, रविवार

आज घरातल्या सगळ्यांचे आवाज गेममध्ये गेले. त्याला एक बारकं छिद्र आहे, तिथे बोलायचं आणि लाल गोलावर काडी टेकवायची. जागा कमी, त्यामुळे आवाजाचा इवलासा तुकडाच मावतो. पहिल्या रांगेत कुकरची शिट्टी. दुसरीत सुरुचीचं हसू. ती मोकळं हसते, खिडकीतले पारवे उडतात. तिसरीत माझा ‘आ’. मी सिस्टर अ‍ॅग्नेसचा खालचा सूर लावला. राजस म्हणाला, आई, तू गातेस हे मला माहीतच नव्हतं. कसं असणार?

चौथी रांग रिकामी होती. तेव्हा त्याला माझ्या ट्रंकेत जुनी कॅसेट सापडली. राजस लहान असताना एका दिवाळीला त्याच्या बडबडीचं रेकॉर्डिंग केलं होतं. त्यात मागे, आतल्या खोलीतून, ह्यांचा आवाज आहे. एकच शब्द. ‘अगं.’

राजसने तेवढाच तुकडा उचलला. बाबांची हाक, म्हणाला. दुसऱ्यांदा लावायला गेला तर टेपरेकॉर्डरने फीत खाल्ली, सगळा गुंता झाला. म्हणजे आता ती हाक फक्त गेममध्येच आहे.

मग त्याने चारही रांगा मिळून वाजवल्या. शिट्टी, हसू, आ, अगं. सुरुची टाळ्या वाजवत होती. मी कुठे होते? स्वयंपाकघरात. उठून कधी आले ते कळलं नाही. गॅसवर आधण ठेवलं होतं आणि तोंडातून ‘ओ’ गेली होती.

मुलगा आणि सून पोट धरून हसले. मला इतका संताप आला की हातातला चहाचा डबा खाली ठेवताना त्याचं झाकण उडालं.

१४ जानेवारी, सोमवार

झोपेतही राग गेला नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

ह्यांनी कधी हात उचलला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त हाक मारायचे. मी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागले की आतून ‘अगं’. गेलं की काही नसायचं. चष्मा कुठाय, तर डोक्यावर. पेपर कुठाय, तर मांडीवर. परत येऊन दुसरी ओळ धरली की पुन्हा ‘अगं’. मी माहेरी फोनवर हसले की ‘अगं’. पुढेपुढे मी गाणं तोंडात येण्याआधीच गिळायला शिकले. लोक म्हणायचे, काय शांत माणूस, पानही हलत नाही तुझ्यावाचून.

आणि नाव? माझं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नाही. मी त्यांचं घेत नव्हते ते रीत म्हणून. रोजनिशीतसुद्धा ‘हे’च लिहिते, हात वळत नाही नावाकडे. पण माझं नाव घ्यायला त्यांना कुणी अडवलं होतं? सुहासिनी. चार अक्षरं आहेत.

१७ जानेवारी, गुरुवार

गुरुवारी इथेही वीज जाते. दुपारी पंखा बंद, फ्रिज बंद, सगळं चिडीचूप. मी खिडकीशी बसून बुधवारचं गाणं घोळवत होते. पहिली ओळ झाली, दुसरीला तोंड उघडलं, आणि आतून आलं, ‘अगं.’

राजसच्या टेबलाच्या खणातून. खण उघडला. गेम मिटलेला होता. कामावर जाताना तो मिटूनच ठेवतो.

कामाला येणाऱ्या सोजरबाई मागे उभ्या होत्या, हातात फडकं. त्या ह्याच गावातल्या, बोलणं सरळ. म्हणाल्या, “आज्जी, आत आजोबा झोपल्यात का? मगाधरनं हाका मारत्यात, तुमचं ध्यानच न्हाई.”

मी सांगितलं, गेम आहे तो, सेलवर चालतो. त्या म्हणाल्या, असंल. पण त्या खोलीचा केर त्यांनी दारातूनच ओढून घेतला.

राजसला विचारलं. तो म्हणाला, मिटलं की बंदच होतं. मग उघडून बघितलं आणि कपाळाला आठी घातली. चौथ्या रांगेतला आकडा तिसऱ्या रांगेत आला होता. माझ्या ‘आ’च्या बरोबर खालच्या घरात. वाजवलं तर माझा सूर जेमतेम उमटतो आणि ‘अगं’ येऊन तो कापतो. फाइल बिघडली असेल, म्हणाला. पुसून नीट केलं.

१८ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा तिथेच. शिवाय दुसऱ्या रांगेतही. सुरुचीच्या हसण्याखाली.

२० जानेवारी, रविवार

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. सोसायटीच्या बायका आल्या होत्या. एकीने कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आणलं आणि मधेच वळवून टीपॉयवरच्या गणपतीला लावलं. बिचारा गणपती. सुरुचीने मात्र सगळ्यांदेखत मला आधी वाण दिलं आणि नंतर तिला. मुलगी माझी नाही, पण माझी असती तर याहून वेगळी नसती.

मग सुरुचीला नाव घ्यायचा आग्रह झाला. तिने स्वतःच जुळवलेला उखाणा सुरू केला, त्यात कंपनीची बस होती, सिग्नल होता, सगळ्या हसत होत्या. ती स्वतःही हसायला लागली. आणि आतल्या खोलीतून हाक आली.

‘अगं.’

मी गेमकडे बघितलं. तो समोरच कपाटावर होता, मिटलेला, गप्प. हाक राजसने मारली होती.

राजस तिला सुरुची म्हणतो. कॉलेजपासून सुरुचीच म्हणत आलाय. तिने एकदा दाराकडे पाहिलं. हसू जिथे होतं तिथे तुटलं. ‘ओ’ म्हणाली आणि उठून गेली. उखाणा अर्धाच राहिला, नाव यायचंच होतं. बायका म्हणाल्या, किती गोड, आजकाल असं जुनं वळण कुठे बघायला मिळतं. माझ्या हातातला तिळगूळ मी इतका आवळला की त्याचा भुगा झाला.

त्याला काय हवं होतं? चष्मा. तो डोळ्यांवरच होता.

माझ्या लग्नातली पंगत आठवली. घास देताना मी नाव घेतलं होतं, सगळ्यांसमोर, न अडखळता. मग ह्यांची पाळी. मी खाली मान घालून वाट बघत होते. हे म्हणाले, असलं आपल्याला जमत नाही, आणि माझ्या तोंडात जिलबी कोंबली. सगळे हसले. पाळी तशीच राहिली ती राहिलीच.

२६ जानेवारी, शनिवार

सुट्टी होती, म्हणून राजसला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ती हाक पुसून टाक. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आई, बाबांनी कधी आवाज तरी चढवला का तुझ्यावर?”

नाही चढवला. हेच तर सांगतेय.

तो म्हणाला, माझ्याकडे त्यांचं तेवढंच उरलंय. त्याचं खरं आहे, हेही मला समजतं, आणि म्हणून जास्तच राग येतो. हा मुलगा पाच वर्षांचा असताना माझ्या वेणीतला गजरा काढून स्वतःच्या कानावर लावायचा. आज बोलताना त्याने हाताने मला थांबवलं. तळवा किंचित वर, नजर पेपरात. तो हात माझ्या ओळखीचा आहे.

आता कुकरच्या शिट्टीखालीही ‘अगं’ आहे. चारही रांगांत.

२८ जानेवारी, सोमवार

सुरुची जर्मनीला नाही म्हणणार आहे. भाजी निवडत सहज सांगितलं. राजसच्या जेवणाचं कसं होईल, म्हणाली. मी म्हटलं, मी काय शोभेला आहे इथे? तर म्हणाली, तसं नाही आई, पण त्याला माझ्यावाचून काही सापडत नाही हो.

मी विळी बाजूला सारली. तिला दंडाला धरून विचारलं, तू शेवटची कधी हसलीस? तिने विचार करायला तोंड उघडलं.

‘अगं.’

गेली.

ह्या वेळी राजस घरात नव्हता. खाली टँकरवाल्याशी बोलत होता. मला खिडकीतून दिसत होता.

३० जानेवारी, बुधवार

श्यामलाकडे गेले नाही. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, हाक आली, परत फिरले. मग दिवसभर तिथेच स्टुलावर बसून राहिले. 

कंपनीला उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. पासपोर्ट देवापुढून हलला. राजसच्या कपाटात आहे.

तो आवाज पुसून पुसला जात नाही. पण एका रांगेत एकच आवाज. दुसरा आला की पहिला तुटतो. त्याला कापायचं तर त्याच्याच घरात दुसरा आवाज ठेवायला हवा.

माझा ‘आ’ त्याने कधीच कापलाय. मग कोणता? असा कोणता आवाज मी कधीच काढला नाही?

३१ जानेवारी, गुरुवार

वीज नाही. घरात मी एकटी. गेम मांडीवर घेतला. माझा चष्मा, बारकी काडी. जिथे ‘अगं’ आहे ते घर धरलं. लाल गोल. छिद्राशी ओठ नेले.

उखाणा नाही, यमक नाही, राव नाही. नुसतं नाव घेतलं.

माधव.

असं म्हटलं, जसं ऑफिसात शिपायाला हाक मारतात.  लग्नात एकदा घेतलं होतं त्यानंतर आजच. चारही रांगांत तेच भरलं.

मग वाजवलं. शिट्टी. हसू, पूर्ण, पारवे उडवणारं. मग माझा ‘आ’, आणि तो चालू राहिला, चालू राहिला, आपल्या आपण संपला. त्यानंतर ‘माधव’, कुणालाच न कापता. आणि त्यानंतर काही नाही.

मी रडले. चांगली मोठ्याने रडले. कुणी हाक मारली नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दोघं बसमधून उतरले ते भांडतच. सुरुचीने कंपनीला हो कळवलं होतं आणि राजस म्हणत होता, मग मला आधी का नाही सांगितलंस, मी पेढे आणले असते. सकाळी त्याने आतून विचारलं, “सुरुची, चहा टाकतोय, घेणार का?” ती म्हणाली, “टाक रे, आणि चष्मा पूस तुझा, वाफ धरलीय.” मग दोघंही हसले.

मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते. आज जेवणात गोड केलं. विमान दहा तारखेचं.

४ फेब्रुवारी, सोमवार

गेम मीच मागून घेतला, माझ्या खोलीत ठेवते. राजसला वाटतं, आईला छंद लागला.

आज दुपारी वाजवला. शिट्टी, हसू, आ. ‘माधव.’ मग नेहमीची शांतता.

ती नेहमीएवढी लांबली नाही. तिच्यानंतर एक आवाज आला.

‘सुहासिनी.’

त्यांचाच. कॅसेटवर हा शब्द नव्हता. कुठल्याच कॅसेटवर नाही. ते कधी म्हणालेच नाहीत, तर असणार कुठून?

मी नाव घेतलं. मग पाळी त्यांची. मलाच का सुचलं नाही—

५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी माझं ‘माधव’ पुसलं. गेमची बॅटरी काढून डाळीच्या डब्यात ठेवली. म्हटलं, सगळंच संपू दे.

संध्याकाळी राजस घरात आला तोच ‘अगं’ म्हणत. सुरुचीने स्वतःकडे परत घेतलेला पासपोर्ट नेऊन त्याच्या हातात दिला. त्याने मागितलाही नव्हता.

बॅटरी परत घातली. घेतलं पुन्हा नाव. चारही रांगांत.

राजस लगेच म्हणाला, सुरुची, हा पासपोर्ट माझ्याकडे कशाला?

समजलं. हाक कुणाला तरी लागणारच. विमान सुटेपर्यंत मला लागू दे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर ‘सुहासिनी’. गेम मिटलेला, उशीखाली. गोगट्यांच्या जिन्यात हाका मारतात तसा नाही. हळू. मायेने. मी ज्या आवाजासाठी मान खाली घालून पंगतीत बसले होते, तसाच.

आवाज गोड आहे. त्याचाच राग आहे. आता? आता आठवलं? मी घरातली दुखणी काढली, बाळंतपण काढलं, तुमचा शेवटचा महिना काढला, तेव्हा काय जीभ—

भांडतेय मी. म्हणजे उत्तर देतेय. नको.

फक्त ‘ओ’ म्हणायचं नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

बॅगा भरल्या. सुरुचीने विचारलं, आई, ओठ का चावताय, रक्त आलंय.

सोजरबाई खोलीत आल्याच नाहीत. दारातून म्हणाल्या, आजोबा आज लई लाडात हायेत.

१० फेब्रुवारी, रविवार

राजस तिला सोडायला मुंबईला गेला. मी एकटी. दुपार आहे. ऊन आहे. पिवळा पडदा हलतोय.

सुहासिनी. सुहासिनी. आता भिंतीतून— फोटोतून— मुलींच्या चार ओळी, त्यांच्यामधूनही—

फोन आला. सुरुची. विमानात बसले, म्हणाली. हसली. पूर्ण.

संपलं माझं काम.

आता ओ दिली तरी कुणाचं काही जात नाही, असं— हे मी लिहिलं का? माझं अक्षर आहे. पण मी नाही—

ऐका माधव. तोंडावर नाव घेऊन सांगते. तुमची पाळी तेव्हाच गेली. एका रांगेत एकच आवाज. ही रांग माझी. मी गाणार आहे, खालचा सूर, थेट शेवटापर्यंत, आणि तुम्ही मला

आऽऽऽ

आऽऽऽऽऽ

आऽऽ—